पुराचं पाणी आणि बायकांचं मन: पुण्यात पहिल्यांदाच सर्व्हे करणाऱ्यांसाठी

जुलै २०२४ मध्ये मुठा नदीला पाणी आलं तेव्हा मी एमएसडब्ल्यूच्या (सोशल वर्कच्या एमएच्या) दुसऱ्या वर्षाला होते आणि डिसर्टेशनसाठी, म्हणजे प्रबंधासाठी, विषय शोधत होते. "पुराचा महिलांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम" असं कागदावर लिहिलं, गाईड मॅडमनी सही केली, मला वाटलं झालं काम, आता दीडशे फॉर्म भरून आणायचे की बास. पहिले चाळीस फॉर्म रद्दीत गेले. सगळ्यांत "पुराचा फटका बसला का" ला हो होतं आणि "मानसिक त्रास झाला का" लाही हो होतं. मॅडम म्हणाल्या, "अगं मग यातून कळलं काय?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर वर्षभर आपटून-आपटून जे शिकले ते इथे लिहितेय. सोशल वर्क, सायकॉलॉजी, पब्लिक हेल्थचे विद्यार्थी असाल, किंवा एखाद्या संस्थेत नवे लागलाय आणि साहेबांनी "जरा इम्पॅक्टचा सर्व्हे करून टाका" म्हणून पाठवलंय, तर तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. पाणी किती आलं हे वेगळं मोजायचं आणि बाईला काय झालं हे वेगळं मोजायचं. दोन्ही एका दमात तिलाच विचारलं की घोळ होतो, कारण जिचं मन आज खचलंय तिला तेव्हाचं पाणीही जास्त आठवतं, आणि जी सावरलीये ती म्हणते "एवढं काही नव्हतं हो".

१. प्रश्न एका ओळीत बसवा, तारखेसकट

"परिणाम बघणे" हा प्रश्न नाही. कुठला पूर, कुठल्या बायका, किती महिन्यांनी, कोणाच्या तुलनेत, एवढं ओळीत आलं पाहिजे. माझी ओळ शेवटी अशी झाली: २५ जुलै २०२४ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्या १८ ते ६० वयाच्या बायकांमध्ये, सहा महिन्यांनी, उदासीची लक्षणं त्याच भागातल्या कोरड्या राहिलेल्या घरांतल्या बायकांपेक्षा जास्त आहेत का, आणि जितकं पाणी जास्त तितकी लक्षणं जास्त का.

तारीख का, तर पुण्यात नुसतं "पूर" म्हटलं की प्रत्येकीचा पूर वेगळा निघतो. एका आजींनी मला वीस मिनिटं सांगितलं, मी भराभर लिहून घेतलं, शेवटी कळलं त्या १२ जुलै १९६१ चं सांगतायत, पानशेतचं. आंबिल ओढ्याच्या काठी विचाराल तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र निघते, टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर, वीसहून जास्त माणसं गेली तेव्हा. आणि सिंहगड रोडला एकतानगरीत तर २५ जुलैनंतर ४ ऑगस्टला परत लोकांना बाहेर काढलं, मग "त्या दिवशी" म्हणजे कुठल्या दिवशी? म्हणून प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर तारीख छापा आणि आधीच्या पुरांना वेगळा रकाना ठेवा. आजींचं पानशेत फेकून देऊ नका हां, एकदा सगळं गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदाचं पाणी वेगळं लागतं, तो आधीचा अनुभव म्हणून मोजायचाच असतो.

२. पाणी मोजा, आणि दारापाशी मोजा

इथे सगळे नवखे पहिली चूक करतात, मीही केली. हवामान खात्याचा पावसाचा आकडा घेतला आणि तोच "एक्स्पोजर", म्हणजे बाईला बसलेला पुराचा फटका, म्हणून चिकटवला. सोपं वाटतं, आपल्याच शहरात हवामान खात्याचं ऑफिस, शिवाजीनगरचा आकडा पेपरातही येतो. पण मुठेच्या काठी पाणी आलं ते काही शिवाजीनगरच्या पावसाने आलेलं नाही. वर धरणांच्या पाणलोटात पाऊस कोसळला, खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडलं गेलं, ते खाली आलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, गुणाकार तुम्हीच करा. आंबिल ओढ्याचं गणित आणखी वेगळं, तो कात्रजच्या डोंगरातून येतो, तिकडे धो-धो झालं तर खाली दांडेकर पुलापर्यंत फटका.

हवामान खात्याचा ग्रिड डेटा मिळतो, फुकट आहे, १९०१ पासूनचा पाऊस आहे, पण त्याचा एक चौकोन पाव अंशाचा म्हणजे साधारण २५ किलोमीटरचा. त्यात अख्खं पुणे जवळपास मावतं. सगळ्या बायकांना एकच आकडा मिळाला तर तुलना कोणाशी करणार? जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करायची असेल तर तो डेटा सोन्यासारखा आहे, गल्लीसाठी नाही. सॅटेलाइटचंही तसंच. सेंटिनेल-१ रडारवाला आहे, ढगांतून दिसतं, पण तो एकाच जागेवरून रोज जात नाही आणि आपल्याकडचं पाणी बारा-चोवीस तासांत ओसरतं, शिवाय दाटीवाटीच्या वस्तीत इमारतींमुळे रडारचं चित्र फसतं. मी त्या नकाशात तीन आठवडे घालवले. नका घालवू.

मग काय करायचं, तर टेप घ्यायची. शिंप्याची नको, सुताराची स्टीलची, पाच मीटरवाली. पूर ओसरला तरी भिंतीवर एक रेघ राहते, खाली मातकट, वर मूळ रंग. एका घरी नवा रंग मारला होता, रेघ गेली होती, मी वहीत "खूण नाही" लिहीत होते तर ताईंनी लाकडी कपाटाचं दार उघडून आतली बाजू दाखवली, तिसऱ्या फळीच्या जरा वर फुगलेलं प्लाय आणि चिखलाची बारीक ओळ. जमिनीपासून चार फूट दोन इंच. वरच्या फळीवर देव होते, ते वाचले म्हणाल्या. तर खूण भिंतीवरच शोधू नका, कपाट, दाराची चौकट, जिन्याची पायरी, मीटरचा डबा, सगळीकडे बघा.

खूण नसेलच तर अंगावर विचारा: घोटा, गुडघा, कंबर, छाती, डोक्यावर. फूट विचारलं की लोक अंदाज ठोकतात, कंबर विचारली की बरोबर सांगतात. फक्त कोणाची कंबर ते विचारा, ताईंची का त्यांच्या सात वर्षांच्या मुलाची.

उंचीसोबत हे पण नोंदवा, प्रत्येक वेगळ्या रकान्यात, हो-नाही किंवा आकडा:

- पाणी घरात किती तास होतं, आणि शिरलं तेव्हा दिवस होता का रात्र
- बाहेर कसे पडलात, आपणहून, बोटीतून, कोणी उचलून
- घरातलं कोणी काही तास तरी सापडत नव्हतं का, कोणाला इजा झाली, कोणी गेलं का
- "आता आपण मरतो" असं वाटलं का (हा शेवटी विचारा)
- किती दिवस घराबाहेर राहिलात, शाळेत, मंदिरात, नातेवाइकांकडे
- काय गेलं, आणि त्यातलं कमाईचं काय होतं

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते. सरकारी पंचनाम्यात घरातल्या वस्तू येतात, टीव्ही, फ्रिज. पण शिलाई मशीन, डब्याची भांडी, पार्लरची खुर्ची, पापडाचं सामान, हे बायकांचं उत्पन्न असतं आणि ते "घरगुती सामान" मध्ये गडप होतं. धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावशींचं तर काहीच भिजलं नाही तरी पंधरा दिवस काम बुडालं, कारण ज्यांच्याकडे त्या जातात त्या सोसायटीतच पाणी होतं. आणि बायकांनाच विचारायच्या गोष्टी आहेत: संडासाला कुठे जात होतात, पाळीच्या दिवसांत काय केलंत, प्यायचं पाणी कोण भरत होतं, सासू-सासऱ्यांना किंवा बाळाला कोणी सांभाळलं, चिखल कोणी उपसला. माझ्या सर्व्हेत पाणी ओसरल्यानंतरचे दिवस सांगताना बायका जास्त बोलल्या, पाणी आलं त्या तासांपेक्षा. ते सोडलं असतं तर अर्धा विषय गेला असता.

३. मन मोजायची पट्टी निवडा

स्वतः प्रश्न बनवू नका. "तुम्हाला डिप्रेशन आलं का" हा प्रश्न नाही, ही फजिती आहे. तयार, तपासलेल्या पट्ट्या, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांचे संच, आहेत:

पीएचक्यू-९, उदासीसाठी, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, स्कोअर ० ते २७. जीएडी-७, काळजी-घबराटीसाठी, सात प्रश्न, ० ते २१. दोन्हींत १० किंवा त्याहून जास्त आलं की "पुढे तपासायला हवं" असं धरतात. मराठी भाषांतर तयार मिळतं, परवानगी लागत नाही. एसआरक्यू-२० जागतिक आरोग्य संघटनेची, वीस प्रश्न, सगळे हो-नाही, गेल्या महिन्याबद्दल, कमी शिकलेल्या बायकांना सगळ्यात सोपी जाते. पीसीएल-५ मानसिक आघातासाठी, वीस प्रश्न, एका ठरावीक घटनेला धरून विचारायची, नवख्याने ट्रेनिंगशिवाय हात लावू नये असं माझं मत.

मी पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ घेतल्या. परत केलं तर एसआरक्यू-२० घेईन, कारण चार पर्यायांनी माझा जीव खाल्ला. "अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज" हे वाचून दाखवलं की समोरची म्हणते "होतं की कधीकधी", आता हे कुठे टाकू? शेवटी चिंचोके नेले. चौदा चिंचोके जमिनीवर ओळीने मांडायचे, हे गेले चौदा दिवस, यातल्या किती दिवशी झोप लागली नाही तेवढे माझ्याकडे सरकवा. एखाद-दुसरा ते सहा म्हणजे काही दिवस, सात ते अकरा म्हणजे निम्म्याहून जास्त, बारापासून पुढे जवळजवळ रोज. इतक्या मन लावून सरकवायच्या बायका. पण अट एकच, चिंचोके वापरायचे तर पहिल्या फॉर्मपासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना, अर्ध्यांना नाही, आणि रिपोर्टमध्ये तसं लिहायचं.

भाषांतराचे सापळे. पहिलाच प्रश्न कामात रस किंवा आनंद न वाटण्याचा. एक काकू मला म्हणाल्या, "धुणीभांड्यात कसला आलाय आनंद, पुराच्या आधी तरी कुठे होता?" बरोबर आहे त्यांचं. पट्टीचे शब्द बदलायचे नाहीत, पण पुढे एक ठरलेलं वाक्य जोडता येतं, "आधी आवडायचं ते, म्हणजे सिरीयल, भिशी, शेजारी गप्पा, त्यातही मन लागत नाही का?" हे वाक्य दहा-पंधरा बायकांवर आधी ट्राय करून पक्कं करा आणि सगळ्या सर्व्हेअरना तेच द्या. भूक लागत नाही का विचाराल तर श्रावणात आणि नवरात्रात उपवास असतात. झोपेचं विचाराल तर काही वस्त्यांत नळाला पाणीच पहाटे येतं, ती जागी असते ते हंड्यांसाठी. हे सगळं बाजूला शेऱ्यात लिहा.

"नैराश्य" हा शब्द माझ्याकडे एकीनेही वापरला नाही. टेन्शन, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, डोकं जड, हातपाय गळाल्यासारखे, काळजात धस्स होतं, मन लागत नाही. पत्र्यावर पाऊस वाजला की उठून बसते, हे तर इतक्या जणींनी सांगितलं. हे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा, नंतर मुलाखतींचा भाग लिहिताना हेच कामाला येतात.

आणि एक गंमत म्हणा किंवा काय म्हणा. रात्री दोनला उठून मोबाईलवर खडकवासल्याचा विसर्ग किती ते बघणं, हे पट्टीच्या हिशोबात "सतत धोक्याची जाणीव" मध्ये जाईल. नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्या बाईसाठी तो शहाणपणा आहे. मी त्याला लक्षण मानलं नाही, शेऱ्यात ठेवलं, तुम्ही तुमच्या गाईडशी बोलून ठरवा.

४. कागदपत्रं आणि सामान

एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात कोणाला इजा होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी मिळाल्याशिवाय एकही फॉर्म भरू नका, "पायलट" च्या नावाखालीसुद्धा नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, कमिटी त्यातलंच विचारते. माझा अर्ज दोनदा परत आला, दोन्ही वेळा एकाच कारणाने: बाई मुलाखतीत रडायला लागली किंवा मरणाचं बोलली तर तुम्ही नेमकं काय करणार ते लिहिलं नव्हतं. दोन महिने त्यात गेले, तर हे आधीच लिहा.

लागतं ते असं:

- एथिक्स मंजुरीचं पत्र आणि कॉलेजचं किंवा संस्थेचं ओळखपत्र, गळ्यात
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठी आणि हिंदीत, मोठ्या टायपात. सही येत नसेल तर अंगठा आणि घराबाहेरचा एक साक्षीदार
- मदतीच्या नंबरांचं छोटं कार्ड, ब्लाऊजच्या खिशात किंवा पाकिटात मावेल एवढंच
- टेप, खडू, वस्तीचा हाताने काढलेला नकाशा
- मोबाईलवर कोबो किंवा ओडीके, ही फॉर्म भरायची अ‍ॅप्स, दोन्ही नेट नसताना चालतात, मराठीत फॉर्म होतो; पॉवर बँक
- चिंचोके, घेणार असाल तर

सोसायटीत चेअरमनचं, वस्तीत बचत गटाच्या ताईंचं किंवा आशाताईंचं तोंडी का होईना हो घ्या. आशाताईंना सोबत घरात मात्र नेऊ नका, सगळ्यांची सगळी माहिती त्यांना असते आणि समोरची बाई मोकळं बोलत नाही.

५. कोणाला विचारायचं आणि कोणाशी तुलना करायची

पूर आलेल्यांनाच विचारलंत तर ते माझे पहिले चाळीस फॉर्म. तुलना हवीच, कारण आधीचा आकडा कुठेच नाहीये. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, नवऱ्याच्या मारहाणीचे प्रश्न आहेत, उदासीची पट्टी नाही. लासी या वाढत्या वयाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आहे पण ते ४५ च्या पुढच्यांचं. आणि एनएफएचएसचे नकाशावरचे ठिपके मुद्दाम सरकवलेले असतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, ओळख लपावी म्हणून. एकतानगरीतून २ किलोमीटर सरकलात तर नदीपलीकडे कर्वेनगरात जाल, मग कुठलं पाणी आणि कोणाचं?

तुलना कोथरूडच्या बंगल्याशी करू नका. नदीकाठी कोण राहतं, ज्यांना तिथलंच भाडं परवडतं. पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, त्यांच्या आत-बाहेर राहणाऱ्यांची परिस्थितीच वेगळी असू शकते. मला सगळ्यात उपयोगी पडली ती एकाच बिल्डिंगमधली तुलना, तळमजला विरुद्ध तिसरा मजला. वस्ती तीच, शाळा तीच, किराणावाला तोच. पण तिसरा मजलाही पूर्ण "कोरडा" नसतो हे लक्षात ठेवा, लाईट नाही, लिफ्ट बंद, खाली गाडी बुडालेली आणि वरून सगळं बघितलेलं. म्हणून मी बाजूच्या उंचावरच्या गल्लीतली घरंही घेतली, असे तीन गट झाले.

नमुना किती? सगळीकडे ३८४ लिहिलेलं दिसेल. तो आकडा एका टक्केवारीचा अंदाज ५ टक्क्यांच्या फरकाने काढायचा असेल तेव्हाचा आहे, दोन गटांच्या तुलनेसाठी नाही. स्टॅटिस्टिक्सवाल्याला अर्धा तास चहा पाजा आणि विचारा.

सगळ्यात मोठं भगदाड: जे सोडून गेले. तळमजल्यावरचे भाडेकरू पुरानंतर महिन्याभरात खोली बदलतात, आणि बऱ्याचदा ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तेच जातात. शेजाऱ्यांकडून नंबर मिळवा, फोनवर विचारा, नाहीच मिळाले तर किती घरं गेली ते तरी मोजा. मी मोजलं नव्हतं, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तोच प्रश्न पहिला आला.

६. दारात गेल्यावर

दार उघडलं की पहिला प्रश्न तुमचा नसतो, त्यांचा असतो: "पैसे मिळणार का?" मी गेले तेव्हा लाडक्या बहिणीचा अर्ज आहे का असंही विचारायच्या. पहिल्याच वाक्यात सांगा की हा पंचनामा नाही, नुकसानभरपाईशी संबंध नाही, कॉलेजचा अभ्यास आहे. न सांगता सुरू केलं तर नुकसान फुगतं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, तलाठी येऊन गेला त्यालाही त्यांनी तेच सांगितलेलं असतं.

वेळ दुपारी अडीच ते साडेचार. सकाळी पाणी, डबे, शाळा. संध्याकाळी नवरा घरी. नवरा असेल तर तोच उत्तरं देतो, "तिला काय कळतंय, मी सांगतो." एका घरी सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या आणि सुनेने नऊच्या नऊ प्रश्नांना "नाही" सांगितलं, शून्य स्कोअर. निघताना मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि तिथे पंधरा मिनिटं उभ्याने बोलली. त्या फॉर्मचं काय करायचं? मी तिला विचारून दुसऱ्या दिवशी गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या वेळी, परत घेतला. तेव्हापासून फॉर्मवर एक रकाना टाकला, "मुलाखतीत जवळ कोण होतं". तुम्ही पहिल्या दिवसापासून टाका.

दोन जणी जात असाल तर एकीने सासूबाईंशी गप्पा मारायच्या. पानशेतचं विचारा, वेळ कसा जातो कळत नाही.

आधी मन, मग पाणी असा क्रम ठेवा. पुराच्या आठवणी उकरून मग झोपेचं विचारलंत तर त्या दिवसापुरता स्कोअर चढतो. आणि शक्य असेल तर खुणेची उंची घेणारी व्यक्ती वेगळी असावी, तिला बाईचा स्कोअर माहीत नसावा.

मारहाणीचे प्रश्न विचारायचे की नाही? पुढे मदत मिळवून द्यायची सोय नसेल तर विचारू नका, सरळ. विचारणार असाल तर एका घरात एकाच बाईला, पूर्ण एकांतात, कोणी आलं तर लगेच स्वयंपाकाच्या प्रश्नांवर उडी मारता येईल असं खोटं पान तयार ठेवून.

महिना कुठला? पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि बरंचसं आपोआप ओसरतं, आघाताचं निदान तर महिनाभर लक्षणं टिकल्याशिवाय करतच नाहीत. पुढच्या जूनमध्ये पाऊस लागला की परत उसळतं. म्हणून दोनदा जा, एकदा कोरड्यात, एकदा पावसाच्या तोंडावर. गौरी-गणपतीत आणि दिवाळीत जाऊ नका, घरं एकतर बंद असतात नाहीतर भरलेली.

७. नववा प्रश्न

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरून जावंसं वाटण्याबद्दल आहे. नवखे सर्व्हेअर तो पुटपुटत, खाली बघत विचारतात, मग उत्तर "नाही" च येतं. बाकीच्या आठांसारखाच, डोळ्यात बघून विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही.

उत्तरात एक जरी चिंचोका आला तर फॉर्म बाजूला ठेवा. आज असं काही वाटतंय का, काही ठरवलंय का, घरात कोणाला माहितीये का, शांतपणे विचारा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तिथेच बसून तिच्या फोनवरून लावून द्या, नंतर लावा म्हणू नका. ससूनला मानसोपचार विभाग आहे, कुठल्या दिवशी ओपीडी असते ते आधी विचारून कार्डवर लिहा. आज करायचं ठरवलंय असं म्हणाली तर तिला एकटी सोडायची नाही, तुमच्या सुपरवायझरला फोन करायचा आणि तिच्या पसंतीच्या माणसाला बोलावून घ्यायचं. नवऱ्याला परस्पर सांगायचं नाही, त्रासाचं कारणच तो असू शकतो. हे सगळं संमतीपत्रात आधी लिहिलेलं असावं, की जिवाला धोका वाटला तर गुप्तता मोडू.

स्वतःचंही सांगते. दिवसात चारपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नका. मी एकदा सात घेतल्या आणि घरी येऊन स्वयंपाकघरात नळ चालू ठेवून उभी राहिले होते, आई म्हणाली पाणी वाया जातंय.

८. आकडे

कोबोतून डेटा काढला की सगळ्यात आधी नाव, फोन, जीपीएस वेगळ्या फाईलमध्ये, पासवर्ड लावून. जीपीएस म्हणजे नावच आहे, आणि गल्लीत तसंही तो समोरच्या घरावर पडतो. आकडेमोडीला जामोवी किंवा आर ही सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट.

स्कोअर नुसता १० च्या वर-खाली कापू नका, ९ आणि १० मध्ये फारसा फरक नसतो, पूर्ण स्कोअर ठेवा, गट काढणं ही पुढची गोष्ट. पाण्याची उंची आणि स्कोअर यांचा साधा आलेख आधी हाताने काढून बघा, बरंच काही तिथेच दिसतं. एकाच बिल्डिंगमधल्या बायका एकमेकींसारख्या असतात, मॉडेलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये मांडलेल्या गणितात, बिल्डिंगचा गट सांगा.

आता सगळ्यात चुकवणारा सापळा. कोणीतरी सल्ला देतं की सगळेच घटक मॉडेलमध्ये टाक, उत्पन्न, कर्ज, नोकरी, सगळं. टाकलं आणि पुराचा परिणाम गायब! कारण कर्ज पुरामुळेच झालंय. पाणी आलं, मशीन गेलं, कर्ज काढलं, झोप गेली, या वाटेतलाच एक टप्पा तुम्ही काढून घेतलात. पुराच्या आधीच्या गोष्टी टाका: वय, शिक्षण, आधीचं घरभाडं, आधीचा आजार, आधीचा पूर. नंतरच्या गोष्टी वेगळ्या बघा, वाट कुठून गेली ते शोधायला.

रिपोर्टमध्ये "इतक्या टक्के महिलांना डिप्रेशन" असं लिहू नका. पट्टी लक्षणं मोजते, निदान डॉक्टर करतात. पेपरवाले तसंच छापतील, तुम्ही तरी हातात देऊ नका.

९. परत जा

एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात काय सापडलं ते लिहून प्रत्येक गल्लीत द्या. नावं नाहीत, घर ओळखू येईल असं काही नाही. मी गेले तेव्हा निष्कर्ष कोणी फारसे वाचले नाहीत. पण उंचीचा तक्ता होता, कुठल्या जिन्याच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं त्याचा, तो बायकांनी मागून घेतला आणि एका सोसायटीत तो आता मीटरच्या डब्याशेजारी चिकटवलाय, विसर्ग सोडल्याचा मेसेज आला की आधी कोणाचं सामान वर न्यायचं ते त्यावरून ठरवतात. तर झेरॉक्स जास्तीच्या काढून न्या, आणि लॅमिनेशन करून न्या, पावसात कागद टिकत नाही.